अक्कांच्या कॅसेटची दुसरी बाजू

आज मी जो काही आहे तो कानडी मुलखातल्या आमच्या मराठी शाळेच्या ग्रंथपाल अक्कांमुळे. सगळी शाळा त्यांना अक्काच म्हणायची.

आठवीत माझी नजर गेली. नुसता उजेड कळायचा, अक्षर नाही. माझे वडील, अप्पा, तारिहाळच्या कारखान्यात मजुरी करत. आमच्या घरात कुणी शाळा पुरी केली नव्हती. ते माझा दाखला न्यायला आले तेव्हा अक्का म्हणाल्या, "मी वाचीन, तो ऐकेल."

"नुसतं ऐकून कोण पास होतंय, अक्का?"

"डोळे असलेली नापास होतातच की, अप्पा. ह्याला निदान ऐकून होऊ दे."

अप्पा हसले. दाखला शाळेतच राहिला.

शाळा सुटली की अक्का कपाटांमागं बसून टेपरेकॉर्डरवर माझी पुस्तकं वाचून ठेवत. पुस्तकातलं मराठीत आणि स्वतःचं बोलणं कन्नडमध्ये, म्हणजे माझी गल्लत होऊ नये. ओळीच्या मधेच यायचं, "निल्लप्पा, नीर कुडीतेनि." थांब बाबा, पाणी पिते. मग तांब्याचा आवाज.

तरी गल्लत झालीच. सहामाहीत मी इतिहासाचं घोकलेलं उत्तर सांगत गेलो आणि माझ्या लेखनिकानं मधलं 'नीर कुडीतेनि'ही उतरवलं. सरांनी वर्गात विचारलं, "काय रे, ऐन लढाईत पाणी कोण पितंय?" अक्कांना सांगितलं तर त्या हसत सुटल्या. हसता हसता खोकला आला, तो बराच वेळ थांबला नाही.

कॉलेजात गेलो तरी वाचत त्याच. बी.ए.च्या शेवटच्या वर्षी मधलं पाणी पिणं वाढलं. आधी पानागणिक, मग परिच्छेदागणिक. आवाज कुजबुजीवर आला.

"अक्का, राहू द्या आता."

"परीक्षा तुझी का माझी? गप्प ऐक."

डॉक्टरांनी गळ्याचं ऑपरेशन केव्हाच सांगितलं होतं. पुस्तक संपेपर्यंत अक्कांनी ते पुढं ढकललं, हे मला निकालानंतर कळलं. ऑपरेशनातून त्या वाचल्या. आवाज गेला.

पास झाल्याचं सांगायला केलगेरीला त्यांच्या घरी गेलो. त्यांनी माझा हात ओढून तळव्यावर बोटानं काही लिहिलं. मला ते लागलं नाही. पुन्हा लिहिलं, तरी नाही. मग त्यांनी माझी मूठ मिटून दिली.

घरी येऊन त्यांच्या शेवटच्या कॅसेटवर मी पत्र बोललो आणि पाठवून दिलं:

"तीर्थरूप अक्का, साष्टांग नमस्कार. परवा तुम्ही काय लिहिलंत ते मला कळलं नाही. पुढच्या रविवारी येतो. परत लिहा, सावकाश लिहा. अप्पा गल्लीभर सांगत फिरतात, माझा मुलगा ऐकून बी.ए. झाला. निल्लरि अक्का, नीर कुडीतेनि.

"ही कॅसेटची रिकामी बाजू होती. दुसरी मी पुसलेली नाही. तिथं तुम्ही आहात. ऐकावंसं वाटलं तर कॅसेट उलटा. ऐकवत नसेल तर तशीच परत पाठवा. माझ्याकडं राहू दे."