मे महिन्यातला हीटर

सातवीत शाळा सुटली ती सुटलीच. सावंतवाडीकडचं गाव सोडलं, ट्रकवर क्लीनर म्हणून बरीच वर्षं फिरलो आणि शेवटी बीड जिल्ह्यातल्या युसूफ वडगावात येऊन टेकलो. इथल्या एका बाईंनी मला गाडीवर ड्रायव्हर म्हणून ठेवून घेतलं. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. नवरा गेल्यापासून गाडी दारात नुसती उभी होती. त्यांनी लायसन्स पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "जेवलात का?" मुलाखत एवढीच. ते मी विसरलेलो नाही. त्यांचा तो विश्वास गमवायचा नव्हता, पुढचा घोटाळाही त्याच्यामुळेच झाला.

उन्हाळ्यात रेडिएटरचं पाणी कमी व्हायला लागलं. रोज सकाळी बोनेट उघडावं तर रेडिएटरला जोडलेल्या बाटलीतली पातळी बोटभर खाली. सांगितलं तर बाईंना वाटेल, याच्या हातात गाडी दिली आणि बिघडली. म्हणून मी काही न बोलता बोअरचं पाणी ओतत राहिलो. आमच्या गावी विहिरीचं पाणी गोडं, ते कुठंही ओतलं तरी चालायचं. इथल्या बोअरच्या पाण्यानं बादलीला आतून पांढरी पुटं चढतात. ती बादली मी स्वतः काथ्यानं घासत होतो. तरी तेच पाणी इंजिनात जाऊन काय करत असेल, हे डोक्यात आलं नाही.

मे महिन्यात बाईंच्या मुलीची डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा बीडला होती. गेट दीडला बंद, त्यानंतर कुणाचं ऐकत नाहीत. या पेपरासाठी तिनं बारावीनंतर एक वर्ष घरी बसून अभ्यास केला होता. आम्ही दहाला निघालो. बाई सवयीनं गाडीला हात लावून 'जयभीम' म्हणाल्या आणि पुढं बसल्या.

केज गेलं, नेकनूर गेलं आणि इंजिनाच्या तापमानाचा काटा मधली रेघ सोडून वर सरकला. मला दिसलं. मी एसी बंद केला.

"एसी कावून बंद केला?" बाईंनी विचारलं.

"जरा इंजिनाला आराम," मी म्हणालो. पुढं काही सांगितलं नाही.

मांजरसुंब्याजवळ काटा लाल पट्टीला टेकला. पुढं घाट होता. मी काचा खाली केल्या, हीटर फुल्ल सोडला आणि गाडी कडेला घ्यायला जागा बघू लागलो. आधीच बाहेरून झळा येत होत्या.

"दादा, बरं हाय ना तुमाला?" मागून मुलगी म्हणाली. "मे महिन्यात हीटर?"

"इंजिनातली गरमी आत येते. तेवढीच तिकडची कमी होते."

"म्हंजे आता आमी रेडिएटर!"

ती हसली. बाई हसल्या नाहीत.

एका बंद ढाब्यासमोर कडुलिंबाखाली गाडी थांबवली, बोनेट उघडलं. आत वाफ फुसफुसत होती. बारा वाजून गेले होते. मागून प्रवाशांनी भरलेली एक काळीपिवळी जीप आली, चालकानं मान बाहेर काढली.

"काय बघतोस बे? झाकण खोल, पाणी वत, चल!"

"गरम हाय लई."

"भेलास का? फडकं घे की हातात."

ट्रकवर असताना माझ्या ड्रायव्हर-उस्तादांनी असंच फडकं धरून झाकण फिरवलं होतं. नंतर त्यांचा भाजलेला हात आणि गळा मी पाहिला होता.

"अर्ध्या तासाशिवाय हात लावणार न्हाई," मी म्हणालो.

बाईंनी घड्याळ पाहिलं. "अर्ध्या तासानं गाडी घाट पार करेल?"

हो म्हणणं सोपं होतं.

"माहीत नाही, बाई. काटा नेकनूरपासून चढत होता, मी बोललो नाही. महिनाभर पाणी कमी होतंय आणि मी बोअरचं ओततोय. तेही बोललो नाही."

बाई जीपकडे वळल्या. "भाऊ, बीडला दोन जागा हायेत का?"

"पुढं बसा मावशी. ए, सरका रे मागं, डॉक्टरीणबाई आल्या!" बोलता बोलता मुलीच्या हातातलं प्रवेशपत्र त्यानं पाहिलं होतं.

जाताना मुलीनं तिची पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. "आरओचं हाय. बोअरचं न्हाई."

जीप गेली. मी लिंबाखाली बसलो. अर्ध्या तासानं झाकण उघडलं, बाटली रिकामी केली, तरी पाणी वर दिसेना. गाडी सुरू करायचा धीर झाला नाही. एक वाजून गेला. फोन हातातच होता, पण मी लावला नाही.

दीडच्या सुमारास बाईंचाच फोन आला. "गेली आत. गेट लागायला दहा मिनिटं होती." मग म्हणाल्या, "तुम्ही जेवलात का?"

"जेवतो नंतर," मी म्हणालो.

"इथून पुढं काटा हलला की आधी मला सांगायचं. कळलं?"

दुपारी गाडी ओढून गॅरेजला नेली. मेकॅनिकनं रेडिएटर खोलला तर आतल्या नळ्या पांढऱ्या खड्यांनी बुजलेल्या. पाणी जात होतं ते रबरी पाइपाच्या सैल पट्टीतून. पट्टी त्यानं स्क्रू ड्रायव्हरचे दोन फेरे देऊन आवळली. रेडिएटरला मात्र चार दिवस लागले.

आता रेडिएटरच्या बाटलीत हिरवं कूलंट असतं. इंजिन थंड असताना मी रोज सकाळी पातळी बघतो आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी जाऊन सांगतो, "बाई, पातळी बरोबर आहे." रोज सांगण्यासारखं त्यात काही नसतं. तरी आतून रोज उत्तर येतं, "बरं."