भर दोपार

कचेरीच्या पायरीशी टांगलेल्या लोखंडी पट्टीवर आमचा चपराशी तासांचे टोल द्यायचा. कोणतीही गोष्ट ऐन रंगात आली की तिला तो 'भर दोपार' म्हणे. दोन वकिलांचं भांडण पेटलं, वरातीत बँड तापला, की याचं ठरलेलं, "आता झाली भर दोपार." खरी भर दोपार मात्र तो घड्याळावर सोडत नसे. बाराचे टोल देण्याआधी चप्पल काढून डावा तळवा पायरीच्या दगडावर टेकवायचा.

मे महिन्यात मी नवं मनगटी घड्याळ घेतलं, तेव्हा कळलं की बाराचे टोल दहा मिनिटं आधीच पडताहेत. मी जरा तोऱ्यातच विचारलं, "काहून हो, एवढी घाई?"

"घडीत बाकी असतीन, बाबूजी. पाय ठेवून पाहा."

मी बूट काढून पाय ठेवला आणि लगेच उचलला. त्याने टोल सुरू केले. भिंतीपलीकडे रस्त्याच्या कामावरच्या अनवाणी बाया आमच्या घंटेवर सुट्टी करत. बारावा टोल पडेपर्यंत त्या घमेली टाकून चिंचेखाली पोचल्याही होत्या. एकचा टोल मात्र तो घड्याळाप्रमाणेच देई.

आठवड्याने साहेबांनी घंटा होताच त्याला आत बोलावलं आणि टेबलाशी बसलेल्या मला म्हणाले, "तुमच्या घड्याळात किती वाजले? चूक निघाली तर आजच याला घरी पाठवतो."

तो खाली, स्वतःच्या पायांकडे पाहत होता.

"बरोबर बारा, साहेब," मी म्हणालो, आणि टेबलाखाली हात नेऊन काटे पुढे सारले.