उजव्या माइकवरचे साहेब

विमानांच्या शेडमध्ये भोंगाभाऊला सगळं जमायचं, गप्प बसणं तेवढं जमत नसे. नशिबानं कामही तसलंच मिळालेलं. विमानाच्या शेपटीत दोन पेट्या. रंगानं नारिंगी, पण जगभर नाव काळी पेटी. एक उंची-वेग टिपते, दुसरी कॉकपिटमधलं बोलणं. दोन्ही धड टिपतात का, हे कंपनीनं दरवर्षी तपासायचं. नाहीतर विमान जागचं हलत नाही. बोलक्या पेटीसाठी कॉकपिटमधल्या तीन माइकवर बोलावं लागे. बाकीचे मेकॅनिक "एक, दोन, तीन" म्हणून मोकळे होत. याला आकड्यांचा कंटाळा. नंतर ऐकणाराही हाच, म्हणजे रान मोकळंच.

हल्ली त्याचा जीव दिवसपाळीत अडकला होता. बायको शाळेत शिकवायला निघायची, तेव्हा हा रात्रपाळी संपवून यायचा. "अहो, दूध तापवून ठेवलंय," एवढाच संसार, तोही उंबऱ्यावर. दिवसपाळी मागून मागून तोंड दुखलं; मोठे साहेब नुसते "बघू" म्हणत.

त्या सकाळी पाळी संपता संपता तो चाचणीला बसला आणि तोंड सुटलं. डाव्या माइकवर स्वतः: "साहेब, दिवसपाळी द्या की हो." उजव्या खुर्चीत सरकून, साहेबांसारखं नाकातून: "बघू, बघू. आधी खुर्ची तर उबवू दे!" मग छताच्या माइककडे मान वर करून, बायकोच्या आवाजात: "त्या मेल्याला सांगा, माझा नवरा परत दे म्हणावं!"

खाली उतरतो तर सरकारी तपासनीस बाई हजर, सोबत मोठे साहेब. "चाचणीच्या कागदावर ज्यांची सही, त्यांनीच ऐकायचं," म्हणत बाईंनी एक हेडफोन साहेबांना दिला, एक स्वतः चढवला.  भोंगाभाऊनं पुन्हा चाचणी करतो म्हणावं, तर विमान निघायची वेळ झालेली.

ऐकता ऐकता साहेबांचे कान लाल झाले.

"डावा माइक?" बाईंनी विचारलं.

"स्पष्ट."

"उजवा?"

साहेब घुटमळले. अस्पष्ट म्हणावं तर विमान अडकतंय.

"स्पष्टच आहे," ते पुटपुटले.

"आणि छताचा? 'मेल्याला' नीट ऐकू आलं?"

"आलं हो बाई, शब्द न् शब्द आला!"

सही झाली. बाई गेल्या. भोंगाभाऊ बुटांकडे बघत म्हणाला, "साहेब, ते आपलं... चाचणीपुरतं."

"उद्यापासून दिवसपाळी," साहेब नाकातूनच म्हणाले. "बायकोला सांग, नवरा दिला परत. आणि यापुढे चाचणी माझ्या डोळ्यांदेखत. एक, दोन, तीन म्हणायचं. चारसुद्धा नाही!"