डावीकडचा साडू

आमच्या साडूइतका धंदा न कळणारा माणूस सगळ्या पुणे जिल्ह्यात शोधून सापडणार नाही. हे मी रागाने म्हणत नाही. रागाचे कारण वेगळे आहे, ते पुढे येईल. मंचरच्या बाजारात मी पोती वाहण्यापासून सुरुवात केली आणि आज तिथेच कांदा-बटाट्याची माझी आडत आहे. गल्ल्यावर बसलेला माणूस टिकणार की बुडणार, हे मला लांबून कळते. साडूने चष्म्याचे दुकान उघडले त्याच दिवशी मी बायकोला सांगितले होते, की तुझ्या बहिणीचा नवरा लवकरच शटर ओढणार. दुकान अजून चालू आहे, आणि कसे चालू आहे ते मला अजून उमगलेले नाही. गिऱ्हाईक पायरी चढून येते, फ्रेम पसंत करते, खिशात हात घालते, आणि हा माणूस त्याला म्हणतो, "तुमाला चष्मा लागत न्हाई. मोबाईल जरा लांब धरा आन झोप नीट घ्या." गिऱ्हाईक हिरमुसून समोरच्या दुकानात जाते आणि तिथून चष्मा घेऊन येते. मग तोच चष्मा नाकावर नीट बसत नाही म्हणून परत याच्याकडे येते, आणि हा तो फुकट वाकवून देतो.

लोक त्याला डॉक्टर म्हणतात, याचा त्याला फार त्रास होतो. जुन्नरच्या पलीकडच्या एका खेड्यातून पुण्याला जाऊन तो डोळे तपासण्याचे रीतसर शिक्षण घेऊन आला. पाटीवर त्याने 'ऑप्टोमेट्रिस्ट' असे लिहिले आहे, ते आमच्याकडे कोणाला धड म्हणता येत नाही. म्हणून येईल त्याला तो आधी थांबवून सांगतो, मी डॉक्टर नाही, मी नंबर काढतो, डोळा तपासतो, आजार दिसला तर डॉक्टरकडे पाठवतो. एकदा एका म्हाताऱ्याने हे सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मंग आमी बसायचं का उठायचं?"

त्याच्या वरच्या खिशात पेनाशेजारी एक बारीक स्क्रू-ड्रायव्हर असतो. लग्न असो, साखरपुडा असो, समोरच्याचा चष्मा मळलेला किंवा वाकडा दिसला, की तो न विचारता नाकावरून काढून घेतो, पुसतो, काडी सरळ करतो आणि परत ठेवतो. तेवढा वेळ तो माणूस डोळे मिचकावत आंधळ्यासारखा उभा. माझ्या चुलत्याच्या दशक्रियेला नदीच्या घाटावर प्रवचन चालू होते. महाराजांचा चष्मा सारखा घसरत होता आणि ते तो बोटाने वर सारत होते. साडू दुसऱ्या रांगेत बसला होता. त्याने जेमतेम एक दृष्टांत सहन केला असेल. मग उठला, पुढे गेला, महाराजांच्या नाकावरचा चष्मा काढला आणि स्क्रू आवळायला लागला. महाराजांना पोथी दिसेना. ते डोळे मिटून बसले. घाटावरच्या माणसांना वाटले, आत्म्यासाठी मौन चालले आहे, म्हणून सगळ्यांनी हात जोडले. माझ्या चुलत्याला इतकी शांतता आयुष्यात कधी मिळाली नव्हती.

आणि त्याची तपासणी. भिंतीवरची अक्षरे वाचली की दुसरीकडे काम संपते. याच्याकडे तिथून सुरू होते. तो विचारतो, तुम्ही दिवसभर काय करता? बाईने घरकाम सांगितले, की तिच्यापुढे तांदळाचे ताट येते, खडे वेचायला. शिवणकाम सांगितले, तर सुई आणि दोरा. ड्रायव्हरला तो काचा बदलायची जड लोखंडी फ्रेम डोळ्यावर चढवून थेट रस्त्यावर नेतो आणि येणाऱ्या एसटीची पाटी वाचायला लावतो. तसली फ्रेम घातलेला एक टेम्पोवाला एकदा पाटी वाचता वाचता पुढे गेला आणि चहाच्या टपरीवर बसला. साडू त्याच्या मागे धावला नाही. तो म्हणाला, बसू द्या, गिलास दिसतोय का ते कळेल.

माझा पहिला नंबरही त्यानेच काढला. जवळचे दिसेना म्हणून गेलो होतो. त्याने दोन नंबर सांगितला. माझ्या तोंडून सवयीने गेले, दीड करा. त्याने निमूटपणे दीडची काच घातली आणि म्हणाला, वाचा. वाचता येईना. मी पावणेदोनवर आलो. त्याने तीही घातली. शेवटी दोनवरच यावे लागले. बाजारात मला इतक्या शांतपणे कोणी हरवले नव्हते. उठताना तो म्हणाला, भाऊ, आता चाळिशी उलटली, दर वर्षी डोळे दाखवून जात जा. मी मनात म्हटले, चला, काहीतरी धंदा कळतो म्हणायचा. आणि गेलो नाही.

आता रागाचे कारण. कळंबला एका लग्नात पंगत बसली होती. माझ्या पानात लिंबू नाही, कोशिंबीर नाही, चटणी नाही. वाढणाऱ्याला मी चांगला फैलावर घेतला. तो पोरगेला माणूस गोंधळून म्हणाला, शेठ, वाढलंय की. खाली मान घालून नीट बघितले, तर डाव्या बाजूला सगळे होते. लोक हसले. समोर बसलेला साडू तेवढा हसला नाही. त्याचा घास हातातच राहिला होता. हात धुताना तो जवळ आला आणि हळूच म्हणाला, भाऊ, उद्या दुकानात या. मी म्हटले, चष्मा आहे मला. नंतर त्याने घरी येऊन तेच सांगितले. मग फोन केला. मी त्याला सुनावले, की मला शिवेवरचा माणूस ओळखू येतो, दुसरं गिऱ्हाईक बघा.

पुढच्याच महिन्यात माझ्या गाळ्यावर भांडण झाले. लिलावात आमच्याकडे जुने व्यापारी तोंडाने बोलत नाहीत, बोट वर करतात, आणि पुकारणाऱ्याने ते टिपायचे असते. महाळुंगे पडवळच्या एका शेतकऱ्याची कांद्याची वक्कल, म्हणजे एकत्र विकायचा सगळा ढीग, मी पुकारली आणि उजवीकडच्या व्यापाऱ्याला दिली. डावीकडचा व्यापारी चढ्या भावाला बोट वर धरून उभा होता म्हणे. तो खवळला. शेतकरी तर त्याहून खवळला. सगळ्यांदेखत मला म्हणाला, "शेठ, तुमी ठरवून माझा भाव पाडला." ज्या बाजारात मी पाठीवर पोती वाहून नाव कमावले, तिथे मला लबाड ठरवले गेले. मी कोणाला काय बोललो ते इथे लिहिण्यासारखे नाही. त्यानंतर दोन-तीन शेतकऱ्यांच्या गाड्या माझ्या गाळ्यासमोर न थांबता पुढे जायला लागल्या.

हे साडूच्या कानावर गेले. पुढच्या बाजाराला तो दुकान बंद करून आला. मी त्याला पाहिले नाही. मी पुकारत होतो, व्यापारी भोवती होते, माल त्याच महाळुंग्याच्या शेतकऱ्याचा होता, त्याला गावातल्या लोकांनी समजावून परत माझ्याकडे पाठवले होते. भाव थांबला. मी विचारले, आणखी कोणी? कोणी नाही. मी त्या भावाला वक्कल देऊन टाकली. तेवढ्यात कोणीतरी खुसखुसले आणि सगळा गाळा हसायला लागला. मी मान वळवली. डावीकडे, माझ्यापासून हातभर अंतरावर, आमचा साडू शाळेतल्या मुलासारखा हात वर करून उभा होता.

"कवापासून उभे आहात, पावणं?" मी विचारले.

"पुकारा सुरू झाला तवापासून," तो म्हणाला. "हात खाली केलाच न्हाई, भाऊ."

मी संतापलो. भर बाजारात नातेवाइकाचा तमाशा करतो, लाज नाही वाटत, घरात सांगता आले नसते का, असे बरेच बोललो. तो हात खाली करून ऐकत राहिला. माझा दम संपल्यावर म्हणाला, "घरात सांगितलं व्हतं. तुमी ऐकलं न्हाई."

हसणे केव्हाच थांबले होते. तो महाळुंग्याचा शेतकरी पुढे आला. आपला माल, आपला भाव सगळे विसरून माझ्या डाव्या डोळ्याकडे बघत राहिला. मग अगदी हळू म्हणाला, "म्हंजी शेठ, त्या दिशी तुमी लबाडी न्हवती केली. तुमाला दिसलंच न्हवतं."

माझे नाव परत मिळाले ते असे. त्या बदल्यात काय गेले, ते पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितले. काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढून बाजूची नजर हळूहळू जाते, दुखत नाही, खुपत नाही, समोरचे स्वच्छ दिसत राहते, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. गेलेली परत येत नाही, राहिलेली राखायची. मी डॉक्टरांना म्हटले, सगळी नको, थोडी तरी परत येऊ द्या. त्यांनी नुसती मान हलवली. साडू माझ्या मागे उभा होता. माझी घासाघीस त्याला नवी नव्हती, पण या वेळी तो खिडकीबाहेर बघत होता.

थेंब घालायला त्यानेच शिकवले. खालची पापणी ओढायची, थेंब सोडायचा, डोळा मिटायचा आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून धरायचा. मी घाई करतो म्हणून तो सुरुवातीला रोज सकाळी दुकान उघडण्याआधी घरी येऊन समोर बसायचा. दाबून धरलेल्या डोळ्याने मी त्याला शिव्या द्यायचो. तो म्हणायचा, बोला, पण बोट काढू नका.

आता बाजारात कोणी न सांगता सगळे व्यापारी माझ्या उजवीकडे उभे राहतात. पंगतीत साडू माझ्या डावीकडे बसतो आणि न बोलता माझे लिंबू उचलून उजवीकडे ठेवतो. पानाची रीत मोडते, पण कोणी काही म्हणत नाही. भर बाजारात त्याने जे केले ते मी विसरलेलो नाही, आणि विसरणारही नाही. त्याला ते माहीत आहे. त्यानेही कधी माफी मागितलेली नाही.

परवा एका दशक्रियेहून परत येत होतो. हायवे ओलांडायचा होता. नाशिककडून येणाऱ्या गाड्या माझ्या डाव्या हाताला. साडू नेहमीप्रमाणे त्या बाजूने चालत होता. तो मला दिसत नाही, त्याची चप्पल तेवढी ऐकू येते. रस्त्याच्या कडेला आल्यावर ती वाजायची थांबली. मागे कोणाचा तरी चष्मा वाकडा दिसला असणार. मान वळवून मला गाड्या बघता आल्या असत्या, तसे त्यानेच शिकवले आहे. पण मी तसाच उभा राहिलो. ट्रक गेले, एसटी गेली, बरोबरची माणसे पलीकडे पोचली आणि मला हाका मारायला लागली. मी हललो नाही. बऱ्याच वेळाने डावीकडे चप्पल वाजली, आणि मग मी पाऊल उचलले.