बाहेरचा हात

आमच्या गल्लीतल्या गॅरेजवाल्याला सगळे डॉक्टर म्हणतात. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून तो डोळे मिटतो आणि रोग सांगतो. समोरच माझं झेरॉक्सचं दुकान आहे, त्यामुळे त्याचा दवाखाना मला दिवसभर दिसतो.

बोलायला मात्र महाकंजूष. धाकटी बहीण तेवढी त्याला बोलतं करायची. दर रविवारी ती आपली जुनी गाडी घेऊन यायची. गाडीला काही झालेलं नसलं तरी हा बॉनेट उघडायचा आणि दोघं तासभर गप्पा मारायची.

मग तिने नवी गाडी घेतली. तीन वर्षं देखभाल फुकट. योजनेची पुस्तिका तिने हौसेने भावाला वाचून दाखवली. "बाहेरच्या हाताने काम केल्यास योजना रद्द," हेही भरात वाचून गेली आणि मग तिने पुस्तिका मिटली. बरोबरच आहे त्यांचं, एवढंच डॉक्टर म्हणाला. गल्लीला काय, आयतं हाती लागलं. सगळे त्याला 'बाहेरचा' म्हणून चिडवू लागले. तो हसायचा. मला ते हसू बघवत नसे. बॉनेट उघडायचं नाही म्हटल्यावर बहिणीचे रविवारही कमी होत गेले.

योजना वाईट होती असं मी म्हणणार नाही. ऑइल, फिल्टर वेळच्या वेळी बदलून मिळत होते, गाडी चकचकीत होऊन परत येत होती. पण तिसऱ्या वर्षी पुढच्या उजव्या चाकातून घूं घूं ऐकू येऊ लागलं. कंपनीच्या वर्कशॉपने दोनदा गाडी ठेवून घेतली आणि दोन्ही वेळा कागदावर लिहून दिलं: आवाज आढळला नाही.

शेवटी एका रविवारी ती गॅरेजसमोर येऊन थांबली. गाडी वळतानाच डॉक्टरला कळलं होतं. बेअरिंग गेलंय म्हणाला, पण जागचा हलला नाही.

"एक सर्व्हिसिंग अजून बाकी आहे ना तुझं? मी हात लावला तर तेही जाईल."

"जाऊ दे, दादा. लाव हात."

कामाला दोन तास लागले. गप्पा पाच मिनिटांत सुरू झाल्या होत्या. ती निघताना त्याने विचारलं, "तिकडे विचारलं तर बाहेरच्याने केलं म्हणशील?"

"घरच्याने केलं म्हणेन."

तिने तसंच सांगितलं. योजना रद्द झाली.

पुढच्या रविवारी गाडीला काहीही झालेलं नव्हतं. डॉक्टरने बॉनेट उघडलं.