‘भूक’पाशी अडलेली गाडी

शब्दकोशाच्या कार्यालयात सगळे त्याला ‘स्वल्पविराम’ म्हणायचे. कुठलीही गोष्ट शेवटाला न्यायची म्हटली की हा मध्येच थांबायचा. काम मात्र चोख. तो हस्तलिखित मोठ्यानं वाचायचा आणि समोर बसून मुद्रितं तपासणाऱ्या बाई छापून आलेला कागद ताडून बघायच्या. काना-मात्रा, कंस, पूर्णविराम, सगळं उच्चारून वाचायचं. घरीही तीच सवय. “वहिनी, मीठ कमी पूर्णविराम,” असं म्हणाला की भावजय हात जोडायची.

बाईंचा एक नियम होता. अर्थाकडे लक्ष द्यायचं नाही. अर्थ लागला की डोळा पुढं पळतो आणि चूक मागं राहते. त्या फक्त अक्षरं ऐकायच्या. वाचलेलं कागदावर नसलं, की सुटलेला मजकूर म्हणून समासात लिहायच्या आणि मान वर न करता म्हणायच्या, “पुढं.”

त्या ‘पुढं’वर याचा जीव जडला होता.

विचारायचं तर होतं. पण ‘प्रीती’ हा शब्द वाचताना हिंमत झाली नाही, ‘प्रेम’ला खोकला आला, ‘बायको’ला घसाच बसला. आता ‘भ’ संपत आला होता, आणि ‘म’पासून बाई वरच्या मजल्यावर दुसऱ्या वाचकासमोर बसणार होत्या.

सकाळी वहिनी दारातच आडवी आली. “भावजी, आज विचारल्याशिवाय घरी आलात तर ताट मिळणार नाही. आणि आत्ताही नाही!”

“अहो पण वहिनी, रिकाम्या पोटी?”

“रिकाम्या पोटीच माणूस खरं बोलतो. निघा!”

म्हणून तो उपाशी आला होता. आणि देवाची करणी बघा, पहिलाच शब्द निघाला ‘भूक’.

“भूक, स्त्रीलिंग, पूर्णविराम,” त्यानं सुरुवात केली. “एक, अन्नाची इच्छा, पूर्णविराम. दोन, कशाचीही तीव्र ओढ, पूर्णविराम. कंस सुरू, संस्कृत बुभुक्षा, म्हणजे खाण्याची इच्छा, स्वल्पविराम, प्राकृतात झिजून भूक, कंस बंद.”

वाचता वाचता त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. खाण्याची इच्छा! म्हणजे ही बया पोटातली नव्हेच. जाणून घ्यायची इच्छा ती जिज्ञासा, प्यायची इच्छा ती पिपासा, त्याच घरची ही लेक. झिजत झिजत एवढीशी झाली, पण रक्त इच्छेचंच! मग आपल्याला इतके दिवस होतंय ते दुसरं काय आहे?

पोटात गुडगुडलं. त्यानं मनात देवाचं नाव घेतलं आणि डोळे मिटून तो बोलून गेला,

“तुम्ही समोर बसलात की मला भूक लागते, स्वल्पविराम, आणि जेवायला बसलो की तुम्ही आठवता, पूर्णविराम. जन्मभर अशाच समोर बसाल का, प्रश्नचिन्ह.”

कान तापले. त्यानं एक डोळा किलकिला केला.

बाई समासात झरझर लिहीत होत्या. “बरीच मोठी ओळ सुटली होती हो,” त्या म्हणाल्या. “पुढं.”

सांगायला त्यानं तोंड उघडलं, तोवर शिपाई आला आणि कागद उचलून संपादकांकडे घेऊनही गेला.

थोड्याच वेळात दोघांना आत बोलावणं आलं. संपादकांनी चष्मा कपाळावर चढवला होता.

“बाई, हे उदाहरण कुठून आलं? हस्तलिखितात नाही.”

बाई ताठ झाल्या. “साहेब, मी एक अक्षर पदरचं घालत नाही. यांनी वाचलं, मी लिहिलं. अहो, सांगा ना साहेबांना!”

“मी वाचलं नाही,” तो म्हणाला. आता आवाज फुटला होता. “मी विचारलं.”

“काय विचारलं?” बाई त्याच्याकडे वळल्या.

“ते तुम्हीच लिहिलंय ना.”

बाईंनी कागद ओढून घेतला. आपलंच अक्षर त्यांनी आज पहिल्यांदा अर्थासकट वाचलं. गाल आधी गुलाबी झाले, मग लाल, मग त्यांनी पेन उघडलं आणि ओळीवर सरळ काट मारली.

त्याचा जीव टांगणीला लागला.

“मुळात नाही ते छापायचं नाही,” त्या म्हणाल्या. “कोश म्हणजे काही आपलं घर नव्हे.”

“बरोबर,” तो पुटपुटला.

“पण विचारलंय तर उत्तर द्यायला हवं. बसेन. पूर्णविराम.”

संपादकांनी चष्मा नाकावर आणला. “अहो, मग माझ्या टेबलापाशी कशाला? बाहेर जाऊन बसा! आणि ‘म’चं काय करायचं ते मी बघतो.”

दोघं जिना उतरून कोपऱ्यावरच्या खानावळीत गेले. समोरासमोर बसले. गरम ताटं आली. सकाळपासून उपाशी असलेला आपला स्वल्पविराम नुसता हसत बसला. घास हातात, तोंड उघडं, आणि गिळायचं सुचेना.

“जेवा की,” बाई म्हणाल्या.

“भूकच गेली हो.”

“माझी वाढली,” असं म्हणून बाईंनी आपलं ताट संपवलं आणि त्याचं पुढं ओढलं.