अलवीक्कांचा शिकाऊ रिमोट

अलवीक्का रिमोट दाबताना पुढे झुकतात. दोन हात जवळ गेलं तर टीव्हीला ऐकू येईल असं त्यांना वाटत असावं. बटण खाली गेलं की त्यांच्या भुवया वर जातात. सेल संपले तर बदलत नाहीत, आधी जागच्या जागी फिरवून बघतात. रिमोटावरचं प्लास्टिक पिवळं पडून तडकलं तरी काढत नाहीत, वरून दुसरं चढवतात. चूक झाली की दुसरं कुणी बोलायच्या आत स्वतःलाच नावं ठेवून मोकळे होतात.

यातल्या निम्म्या सवयी आता मलाही लागल्या आहेत.

केरळात तिरूरजवळ त्यांच्या घराच्या माडीवर मी भाड्याने राहतो. साहित्यात एम.ए. केलं आणि शिकवणीच्या कॉलेजात लागलो, म्हणून सगळे मला ‘माशे’ म्हणतात. मास्तर म्हणून हाक मारतात आणि मास्तरसारखा पगार देत नाहीत.

अलवीक्का अल ऐनच्या एका कॅफेटेरियात वीसेक वर्षं पोरोट्टे, म्हणजे मैद्याचे पराठे, करत होते. ते कायमचे परत आले आणि गावाने ठरवून टाकलं, की आखातातून आलेल्याला यंत्रातलं कळतं. लोक मिक्सर घेऊन यायचे, पाण्याचे पंप घेऊन यायचे.

“अरे बाबांनो, मी तिकडे मैदा मळत होतो,” अलवीक्का सांगायचे.

“कळलं, कळलं. परवा येऊन नेतो,” म्हणून लोक मिक्सर ठेवून जायचे.

त्यांनी टीव्ही, एसी आणि गाण्यांची मोठी पेटी आखातातून पाठवली होती. तिन्हींचे मूळ रिमोट नातवंडांनी केव्हाच संपवले होते. राहिला होता तो सगळ्यांवर चालणारा एकच, काळा, जाडजूड. तो त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असायचा. इम्बिच्ची इत्ता, म्हणजे इम्बिच्चीताई, त्यांची बायको, संध्याकाळी मालिकेच्या वेळेला हाक मारायची, “अहो, लावून द्या!” मग अलवीक्का कोपऱ्यावरच्या दुकानातून उठून येणार, चपला काढणार, भुवया उंचावणार आणि टीव्ही लागणार.

एके दिवशी तो लागला नाही.

“माशे!” त्यांनी खालून हाक मारली. “तुम्ही शिकलेले आहात. या जरा.”

एम.ए.च्या दोन वर्षांत सेलची कुठली बाजू कुठे जाते हे मला कुणी विचारलं नव्हतं. तरी मी गेलो. सेल फिरवले. नवे घातले. तळहातावर रिमोट आपटला. मग मला आठवलं, की फोनच्या कॅमेऱ्यातून बघितलं तर रिमोटाच्या तोंडचा दिवा दिसतो. बघितलं. काही बटणांना जांभळा ठिपका लुकलुकला, काहींना नाही.

“म्हणजे दिवा जिवंत आहे, बटणं मेली आहेत,” मी गंभीरपणे म्हणालो. माझा आवाज व्याख्यानासारखा झाला होता.

“म्हणजे काय करायचं?”

“उघडून बघू,” मी म्हणालो.

मासे कापायच्या सुरीने आम्ही रिमोट उघडला. आत मळ होता आणि साखरेचे दाणे होते. स्पिरिटने पुसायला हवं, असं मी कुठेतरी वाचलं होतं. घरात स्पिरिट नव्हतं. आमच्याकडच्या प्रत्येक घरात असतं तसं कपाटभर आखाती सेंट मात्र होतं. अलवीक्कांनी सगळ्यात महागडी बाटली काढली. “हे कडक आहे. जावयाने दिलंय.” त्यांनी चार फवारे मारले.

टीव्ही लागला! संध्याकाळभर खोलीला लग्नघराचा वास येत होता. दुसऱ्या दिवशी आधी मेलेली बटणं पुन्हा मेली आणि चांगली होती त्यातलीही दोन गेली.

“बघा,” अलवीक्का म्हणाले, “मी हात लावला की रोगी सेंट लावून जातो.”

त्यांच्या मुलीला, शम्नाला, हे फोनवर कळलं. ती म्हणाली, तिचा नवरा पुढच्या महिन्यात येतोय, तो नवा टीव्ही आणेल. त्याला रिमोट लागत नाही. ज्याच्या त्याच्या फोनवरून चालतो. नुसतं बोललं तरी चालतो.

फोन ठेवल्यावर अलवीक्कांनी रिमोट खिशात टाकला. मग म्हणाले, “बोललं की चालतो! या घरात तुमची इत्ता बोलते आणि सगळं चालतं. आणखी एक कशाला?”

मी हसलो. ते हसले नाहीत.

“माशे, कपाटाच्या किल्ल्या तिच्याकडे. बँक तिच्याकडे. नारळ कधी पाडायचे ते ती ठरवते. मी परत आलो तेव्हा टॉवेल कुठे असतात ते मला विचारावं लागलं. माझ्याच घरात. माझ्याकडे मागावी अशी ही एकच वस्तू आहे. ही गेली की मी पुन्हा कॅफेटेरियातला. काय देऊ साहेब, विचारत फिरायचं.”

मी साहित्याचा विद्यार्थी. अशा वेळी काहीतरी बोलता यायला हवं होतं. मी म्हणालो, “आपण बाजारात जाऊ.”

तिरूरच्या गल्फ मार्केटमध्ये एका दुकानाची अख्खी भिंत रिमोटांनी भरलेली होती. दुकानदाराने आमचा रिमोट हातात घेतला, हुंगला आणि आमच्याकडे बघितलं.

“कुणाचं लग्न होतं?”

“याचंच,” अलवीक्का म्हणाले. “आता तलाक चाललाय.”

असा रिमोट आता येत नाही, तो म्हणाला. पण शिकणारा रिमोट मिळेल. जुना आणि नवा समोरासमोर ठेवायचे. नव्याचं बटण निवडायचं, जुन्याचं तेच बटण दाबायचं. जुना सांगतो, नवा लक्षात ठेवतो. “पण जुना जिवंत आहे तोवरच. तो गेला की शिकवणार कोण?”

आम्ही घाईने घरी आलो. अलवीक्कांनी दोन्ही रिमोट टेबलावर तोंडाला तोंड लावून ठेवले आणि कोपऱ्यावरच्या दुकानात जायचंच सोडून दिलं. जुन्याचं एकेक बटण दहादा दाबावं तेव्हा एकदा लागायचं. मी पेनाच्या मागच्या टोकाने जोर लावायचो, ते नव्याकडे बघून म्हणायचे, “ऐकलंस का? नाही ऐकलं. माझ्यासारखाच ढ आहे.”

एका दुपारी ते नमाजला गेले असताना मी खाली आलो. टीव्ही चालू होता. इत्ता मासे साफ करत बघत बसली होती.

“रिमोट तर टेबलावर आहे!” मी म्हणालो.

“टीव्हीच्या पोटाखाली बटण आहे, बाळा. आला त्या दिवसापासून आहे.”

मी वाकून बघितलं. “मग रोज हाक का मारता?”

“नाही मारली तर रात्रीच्या बांगेपर्यंत त्या दुकानात बसून राहतील. हाक मारली की येतात. कुरकुर करतात. बसतात.” तिने मासा उलटा केला. “एवढी वर्षं मी एकटीने मालिका बघितल्या. तू त्यांना सांगायचं नाहीस.”

तेवढ्यात शम्नाचा फोन आला. इत्ताने ओल्या हाताने तो खांद्यात दाबला. “टीव्ही? नको. सांग त्याला, नको म्हणून. त्या पैशांत मुलांना काहीतरी घ्या. तुझा बाप इथे एकाला शिकवतोय. हो, रिमोटाला. हसू नकोस.”

मी वर गेलो. दोन वर्षं मी त्या घरात राहत होतो, दिवसभर माणसांच्या मनातलं शिकवून पगार घेत होतो, आणि हे मला दिसलं नव्हतं.

जावई आला तो खजूर घेऊन आला. तोवर टीव्ही शिकवून झाला होता, गाण्यांची पेटीही झाली होती. एसीचं चालू करायचं बटण झालं होतं. बंद करायचं वेगळं असतं, ते राहिलं होतं.

“जुन्याचं ते बटण अजून चालतं,” मी म्हणालो. “मी बघितलं कॅमेऱ्यातून. आत्ता करू. पाच मिनिटांचं काम.”

“करू की,” अलवीक्का म्हणाले. “शुक्रवारी.”

बरेच शुक्रवार गेले. मालिका अर्ध्यावर आली की इत्ता पदर ओढून घेते. “अहो, गारठले मी. बंद करा ना.” अलवीक्का नवा रिमोट उगाच एकदा दाबून बघतात, स्वतःला एक शिवी देतात, उठतात, भिंतीपर्यंत चालत जातात आणि एसीचं बटण हाताने बंद करतात. परत येऊन तिच्या शेजारी बसतात.

जुना रिमोट टेबलावर तसाच आहे. बंद करायचं बटण अजून शिकवायचं आहे.